त्रेसष्टे काका

सोल्डरिंग आयर्नचा प्लग खुपसला की हा माणूस उगवतो. त्याला बोलवावं लागत नाही. बिट तापायला जी चार-पाच मिनिटं लागतात तेवढ्यात तो दारात हजर असतो आणि 'काय दुरुस्त करतोयस?' वगैरे उपचार टाळून थेट मुद्द्यावर येतो, "सोल्डर कुठलं आणलंस?" तुमच्याही ओळखीत तो असणारच. कुणाच्या नशिबी तो मामा म्हणून येतो, कुणाच्या हापिसात मेंटेनन्सला असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तो दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याचं खरं आडनाव दारावरच्या पाटीखेरीज कुणाच्याही लक्षात नाही. सगळे त्यांना त्रेसष्टे काका म्हणतात. गॅसवालासुद्धा.

कारण त्या पहिल्या प्रश्नाला तुम्ही काहीही उत्तर द्या, काकांचा दुसरा प्रश्न ठरलेला. "त्रेसष्ट-सदतीस ना?"

ज्याने आयुष्यात पहिल्यांदा आयर्न हातात धरलंय त्याला त्रेसष्ट-सदतीस हा एसटीचा नंबर वाटतो. माझी गरज माफक होती. मामाचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर सापडला होता. त्याच्या पोटात ब्लूटूथचं बोर्ड बसवायचं आणि मोबाईलवरची गाणी त्या खरखरीत स्पीकरमधून ऐकायची, एवढीच हौस. दोन वायरी व्हॉल्यूमच्या पॉटला, दोन सेलच्या बाजूला. चार जॉईंट. तेवढ्यासाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जाऊन "एक सोल्डर द्या" म्हणालो, दुकानदाराने माझ्याकडे न बघता एक गुंडाळी पुढे सरकवली, मी पैसे दिले, विषय संपला. संपला असं मला वाटलं.

काकांनी ती गुंडाळी दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेली, लेबल वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"साठ-चाळीस," ते म्हणाले. "आणि जाडी अठरा गेज. याने तू काय, मोरी दुरुस्त करणारेस?"

मग मला खाली त्यांच्या घरी नेण्यात आलं. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, पण दोघं एकत्र आली की दोघांच्याही आधी विरघळतात. आणि बरोबर ६३ ला ३७ या प्रमाणात आली तर १८३ अंशांवर एका क्षणात पाणी, एका क्षणात दगड. मधली अवस्थाच नाही. बाजारात सगळ्यात जास्त खपणारं साठ-चाळीस मात्र १८३ पासून १९० पर्यंत रेंगाळतं. "पिठल्यासारखं," काका म्हणाले, "ना पातळ ना घट्ट. आणि नेमका त्याच वेळी तुझा हात हलणार. हलणारच, नवीन आहेस. झाला जॉईंट ड्राय! वरून धरलेला, आतून सुटलेला. रेडिओ आज वाजेल, उद्या वाजेल, पाहुणे आले की बंद पडेल."

आतून काकूंचा आवाज आला, "सात अंशांसाठी माणसाने किती तापावं!"

काकांनी ते ऐकलं नाही. चाळीसेक वर्षांच्या सरावाने त्यांना ते ऐकू येत नाही. त्यांनी कपाटातून एक रीळ काढलं. परदेशी बनावटीचं, निळं लेबल पिवळं पडत आलेलं, बावीस गेज, ६३/३७, आतून राळेच्या पाच बारीक नळ्या. ते टेबलावर ठेवून त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणली, तार त्यावर धरली आणि नेलकटरने कापली. एक वीत. मला वाटलं, नमुना दाखवताहेत. पण तेवढंच मिळायचं होतं. शिवाय त्यांनी एक लांबट वही उघडून माझं नाव, तारीख आणि पुढे 'वी. १' असं लिहून घेतलं.

"वीतभर पुरे. चार जॉईंटला वीतभर पुरत नसेल तर चूक सोल्डरची नाही."

ही वीत आणि हे त्रेसष्ट-सदतीस यांनी आमच्या बिल्डिंगचं जगणं व्यापलंय. गणपतीच्या मांडवात लाइटच्या माळा जोडायला मुलं बसली की काका रीळ घेऊन खुर्चीवर बसतात आणि माळ बघून वीत मापतात. जी विंगमधल्या एका पोराने एकदा हेडफोनची वायर पत्र्याचे डबे झाळणाऱ्याकडचं ॲसिड लावून जोडली. जोड झकास बसला. पावसाळा संपेपर्यंत तांब्यावर हिरवी बुरशी चढली आणि वायर हातात आली. काकांनी तो तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. पाहुण्यांना लग्नाचे अल्बम दाखवतात, तसा तो दाखवला जातो. ॲसिड पत्र्याला, राळ इलेक्ट्रॉनिक्सला, हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही पाठ आहे. आयर्न मात्र कुणाला मिळत नाही, चौथी पास झाल्याशिवाय.

तळमजल्यावरचे एक गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कानसेन. त्यांनी ॲम्प्लिफायरच्या वायरी चांदी मिसळलेल्या सोल्डरने जोडून घेतल्या आणि तानपुरा कसा मोकळा वाटतो हे सगळ्यांना बोलावून ऐकवलं. काकांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग विचारलं, "रेकॉर्डिंग झालं त्या स्टुडिओत कुठलं सोल्डर होतं?" त्यानंतर त्या घरी चहा झाला नाही.

त्यांचा सख्खा भाचा जर्मनीत असतो. त्याने मोठ्या कौतुकाने तिकडचं बिनशिशाचं सोल्डर आणलं. युरोपात १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत शिसं वापरायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे, हे त्याने नीट समजावून सांगितलं. काकांनी लेबल वाचलं. कथील ९६.५, चांदी ३, तांबं ०.५.

"तीन टक्के चांदी? सोल्डर आहे का पैंजण?"

भाचा म्हणाला, मामा, शिसं विषारी असतं. इथे मात्र काकांचा चेहरा बदलला. कारण शिशाच्या बाबतीत हा माणूस जर्मन सरकारपेक्षा कडक आहे. दोन्ही हात गुंतले की सोल्डरची तार दातांत धरायची सवय पुष्कळांना असते. काकांसमोर तसं केलंत तर ती तार आणि बहुधा तो दातही तुमच्याकडे राहत नाही. काम झालं की साबणाने हात, आणि हात धुतल्याचा वास काकांनी घेतल्यावरच काकूंचा चिवडा. धुराबद्दलही त्यांचं म्हणणं साफ आहे. तो धूर शिशाचा नसतो, एवढ्या तापमानाला शिसं उडत नाही. तो राळेचा, पण दम्याला निमंत्रण द्यायला तेवढा पुरतो. म्हणून टेबलफॅन असा लावायचा की धूर तोंडावर न येता बाहेर जाईल आणि बिट गार होणार नाही. भाच्याचं सोल्डर त्यांनी ठेवून घेतलं. "चांगलंच आहे, पण ते वितळायला लागतात २१७ अंश, आणि या पोरांकडे पंचवीस वॅटचं आयर्न. घासत बसतील, बोर्डावरची पट्टी उचलली जाईल. शिकले की देईन." दिलं नाही अजून कुणाला.

या वेडाचा कळस झाला तो पुतणीच्या लग्नात. मुलगी काकांच्या हातावर वाढलेली. स्थळ उत्तम, मुलगा इंजिनियर, घरदार बरं, पत्रिका जुळलेली. मध्यस्थ सगळं सांगून शेवटी म्हणाले, "आडनाव साठे. मूळचे चाळीसगावचे."

काका उठून गॅलरीत गेले.

हा किस्सा आमच्याकडे रंगवून सांगितला जातो, पण मी त्या वेळी तिथे चहा पीत होतो. त्यांनी नकार दिला नाही. फक्त आत येऊन म्हणाले, "बघा तुम्ही. मला जरा रेंगाळणारा वाटतो." मुलाला ते तोवर भेटलेही नव्हते. लग्न झालं. आहेराच्या पाकिटावर काकांनी रक्कम किती घातली असेल, हे त्रेसष्टेच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारून बघा.

तर माझा ट्रान्झिस्टर. काकांच्या टेबलावर, त्यांच्या भिंगाखाली, त्यांच्या वितीने मी ते चार जॉईंट केले. सोल्डर बिटवर टेकवायचं नाही. बिटने पॉटची पत्री आणि वायर दोन्ही एकदम तापवायच्या, आणि सोल्डर दुसऱ्या बाजूने टेकवायचं. जागा खरंच तापली असेल तर ते आपणहून आत धावतं, वायरभोवती चढतं आणि पत्रीवर पातळ उतार करून थांबतं. गोळा झाला तर समजायचं, धातू तापलाच नाही. रेडिओच्या आतल्या जुन्या ट्रान्झिस्टरचे पाय तर चिमट्याने धरायला लावले, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते आणि त्याचा जीव वाचतो. आणि बिट काढलं की मोठ्याने पाच आकडे मोजायचे. हात हलवायचा नाही, वायर सोडायची नाही, शिंकही आली तर गिळायची. "...चार, पाच. सोड." काकांनी भिंगातून बघितलं आणि "हं" म्हणाले. काकू म्हणाल्या, हे "हं" त्यांनी मुलाच्या बारावीच्या निकालालाही केलं नव्हतं.

हा माणूस असा का झाला, याचं कारण सरळ आहे. काका टीव्हीच्या कारखान्यात क्वालिटीला होते. १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि पुढची काही वर्षं कारखाने रात्रपाळी करत होते. ओळीत बसून बायका बोर्ड जोडायच्या आणि शेवटी काका भिंग घेऊन बसायचे. खराब जॉईंटपाशी लाल बाणाचं स्टिकर चिकटवायचे. नव्वदीनंतर बाहेरच्या कंपन्या आल्या, ओळी बंद पडत गेल्या, आणि शेवटच्या दिवशी स्टोअरकीपरने जाताना ते न फोडलेलं अर्ध्या किलोचं रीळ त्यांच्या पिशवीत टाकलं. बायका कुठे कुठे गेल्या. त्यातल्या दोघी-तिघी अजून दिवाळीला काकूंना फोन करतात.

एवढं ऐकल्यावर माणूस हळवा होतो आणि गप्प बसतो. पण मला गणिताची खोड आहे. बावीस गेजची तार, अर्धा किलो. लांबी भरते साधारण दीडशे मीटर. काकांची वीत मोठी, बावीस सेंटिमीटरची धरली तरी सातशेच्या आत विती. आणि वही त्या दिवशी टेबलावर उघडीच होती. बेरीज बाराशेच्या पुढे गेली होती.

काकूंना विचारलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. "ते रीळ? ते कधीच संपलं रे. दुपारी मी झोपले असं समजून बुधवारातून आणतात आणि त्याच्यावर गुंडाळत बसतात. नीट, एकावर एक. सुरुवातीला त्यांना पाहिजे तसलं तिथे मिळेना, मग आहे ते आणायला लागले. साठ का काय ते. बोलू नकोस हं."

मी बोललो नाही, पण त्याच आठवड्यात बिल्डिंगमधला एक जुना चेला भेटला. आता हिंजवडीत चांगल्या नोकरीवर आहे, हात काकांनीच तयार केलेला. मी सहज म्हटलं, काय ते पाच आकडे मोजणं! तो म्हणाला, "पाच? आम्हाला तर दोन मोजायला लावायचे. एक, दोन, सोड."

म्हणजे रीळ बदललं तेव्हा काकांनी आकडेही बदलले. बाजारातलं जे मिळालं ते लाजेकाजेस्तव निळ्या लेबलाखाली लपवलं, ठीक. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली तेच पोरांच्या हातात देताना म्हाताऱ्याला काय झालं असेल, ते त्याचं त्याला माहीत. पण त्या सात अंशांत एकाही पोराचा जॉईंट हलू नये, म्हणून तीन आकडे वाढवले आणि ते कुणाला कळू दिले नाहीत. मुंज झालेल्या मुलाला संध्या शिकवावी तशा धाकाने शिकवलं. माझा ट्रान्झिस्टर अजून वाजतो, पाहुणे आले तरी वाजतो. हे त्यांच्यासमोर कबूल करायची माझी अजिबात इच्छा नाही. डोक्यावर बसतील.

परवा दुसरी वीत मागायला गेलो. पुतणी आणि जावई येऊन गेलेले होते, टेबलावर फराळाच्या बशा होत्या. काकांनी अंगठा-करंगळी ताणली, तार धरली, नेलकटर चालवलं, वहीत नोंद केली. मी विचारलं, "कसे आहेत साठे?"

काकांनी रीळ कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

"बरा आहे रे मुलगा. सेट व्हायला जरा वेळ घेतो. पण मध्ये कुणी हलवलं नाही, तर धरतो चांगला."