मा. स्वायत्त मज्जासंस्थेस एका अडत्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. स्वायत्त मज्जासंस्था,
मुक्काम मेंदूच्या बुडाशी, शाखा पोटभर.

स. न. वि. वि.

मी कळमन्याच्या फळबाजारातला अडत्या. वीस वर्षं संत्र्यांचे ढीग विकतोय, पण डॉक्टरांच्या हुकमामुळे एक फोडही खात नाही. तरी परवा लिलाव आटोपून बोटाला सुई टोचली, तर शुगर २१४. घरून निघताना १३८ होती. मधे पोटात गेला तो फक्त बिनसाखरेचा चहा. मग हा माल आला कुठून?

चौकशीअंती कळलं, तुमच्याच गोदामातून. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात थप्पीला लावलेली असते म्हणे. ढिगाभोवती गलका झाला, एक व्यापारी दिलेल्या बोलीवरून फिरला, माझं डोकं सणकलं, आणि तुम्ही कुलूप काढून मोकळे! ना गेटपास, ना मालकाची सही. वर अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अ‍ॅड्रिनलिन सोडायला सांगितलंत आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन आवरायला. म्हणजे माल बाहेर काढायचा आणि उचलणाऱ्या हमालांनाच सुट्टी द्यायची. अहो, मागे वाघ लागला असता तर ही साखर पळायला कामी आली असती. मी खुर्चीत बसून शेतकऱ्याची पट्टी लिहीत होतो.

हे उद्योग करणाऱ्या तुमच्या शाखेचं नाव ‘अनुकंपी’. भरतीही अनुकंपा तत्त्वावरच झाली असावी.

तुमची ही खोड जुनीच. १८४९ साली क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली, तर सशाच्या लघवीत साखर उतरली. बिचाऱ्यानं काही पेढा खाल्ला नव्हता.

दुसऱ्या शाखेतल्या व्हेगस नर्व्हबद्दल मात्र तक्रार नाही. तर्रीपोह्याचा वास आला, की घास गिळायच्या आत ती स्वादुपिंडाकडून थोडं इन्सुलिन सोडवून घेते, आगाऊ उचल म्हणून. शिवाय तिचे सुमारे ८० टक्के तंतू खालची खबर वर नेण्यातच गुंतलेले. हुकूम खाली आणणारे थोडकेच. खालच्यांचं इतकं ऐकून घेणारं ऑफिस मी तरी पाहिलं नाही.

तेव्हा विनंती, की यापुढे गोदाम उघडताना निदान एक मिस्ड कॉल द्यावा. मृग बहाराची आवक सुरू झाली आहे, आणि उद्या तोच व्यापारी पुन्हा ढिगापाशी उभा राहणार आहे.

आपला,
एक अडत्या
(नाव छापू नये, घरी वाचतात.)

ता. क. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला फोडलेल्या संत्र्याच्या दोन फोडी गेल्या होत्या. व्हेगसनं वर कळवलं असेलच.