वऱ्हाडातली पानगळ आणि दिवाणखान्यातला कचरा

वऱ्हाडात पानगळ शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात होते. ऑक्टोबरात झाडे लाल होतात ही परदेशी कॅलेंडरांवरून झालेली समजूत आहे. त्या महिन्यात अमरावती-अकोल्यात लाल होतो तो उन्हातून आलेला माणूस. ऑक्टोबरात एकच पान घरोघरी मानाने येते, ते दसऱ्याचे आपट्याचे, आणि तेही हिरवेगार. पुष्कळदा ते कांचनाचे असते. पण सोने म्हणून हातावर ठेवलेल्या वस्तूची परीक्षा करणे शिष्टाचाराला धरून नाही.

खरी पानगळ पाहायची तर परतवाड्याहून सेमाडोहचा रस्ता किंवा अकोटमार्गे नरनाळा किल्ल्याची वाट धरावी. मेळघाट हे सागाचे, कोरडे पानझडी जंगल. थंड देशांतली झाडे गारठ्यापायी पाने टाकतात, इथली पाणी वाचवण्यासाठी. पान सोडण्याआधी झाड त्यातले नत्र वगैरे कामाचे ऐवज खोडाकडे ओढून घेते, हरितद्रव्य मोडते आणि आत पहिल्यापासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक कच्चा थर तयार होतो आणि पान तिथून सुटते. लाल रंगाचा खर्च मात्र काहीच झाडे नव्याने करतात. धावडा जाताजाता तांबूस होतो. साग तपकिरी होऊन मोकळा होतो.

मेळघाटाचा खरा थाट जुन्या पानांत नाहीच. कुसुमाची कोवळी पालवी लालभडक येते, मोहाची तांबूस. पळस तर पानांची भानगडच ठेवत नाही. अंग झाडून नुसत्या फुलांनी पेटतो. लांबून पाहणारा पाहुणा त्यालाच रंगीत पाने समजून फोटो काढतो, आणि सोबतचा वऱ्हाडी माणूस त्याचा आनंद हिरावून घेत नाही.

मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून पान उचलून आणायचे नसते. त्यामुळे घरच्या कलाकुसरीचा सारा भार शहरातल्या देशी बदामावर पडतो. त्याची पाने गळण्यापूर्वी शेंदरी-लाल होतात. झाड एकाच्या कंपाउंडात असते, पाने दुसऱ्याच्या अंगणात पडतात आणि कलेचा उगम या वादात होतो. पान सकाळी, नुकते पडलेले असतानाच उचलावे; अकोल्याच्या उन्हात ते दुपारपर्यंत पापड होते. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जड पुस्तके रचावीत, कागद रोज बदलावा. सागाचे पान मात्र कुठल्याच पुस्तकात मावत नाही. ते गादीखाली जाते आणि गादीवरचा माणूस रात्रभर कुरकुरतो. पिंपळपानाची जाळी करायची तर ते काही आठवडे पाण्यात कुजवून गर मऊ ब्रशने हळूच काढावा लागतो. या काळात येणाऱ्या वासाबद्दल हस्तकलेची पुस्तके मौन पाळतात. घरातली आई पाळत नाही: “अबे, लोटून फेक म्हनलं, तं घरातच आनून रायला!”

तिच्या बोलण्याला परंपरेचा आधार आहे. वऱ्हाडात पानांची कारागिरी जुनीच, पण ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती, पोटासाठी होती. पळसाला पाने तीनच. ती सुटी करून, बारीक काड्यांनी टाचून पत्रावळ लावायची, चार कोपरे दुमडून द्रोण. रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत याच पत्रावळीवर उठत असे. टाके विरळ पडले की वरण पत्रावळीखालच्या सतरंजीला मिळे, आणि कारागिराची कीर्ती त्याच पंगतीत ठरे. भिंतीवरच्या कलाकृतीला एवढी कडक परीक्षा नसते.

तिला असतो तो पावसाळा. मृगाच्या सरींनंतर हवा दमट होते, काचेआड बुरशी धरते, कडेने कसर लागते. मग पान अंगणातल्या केळीच्या बुडाशी जाते आणि चौकटीत पुन्हा थोरल्याचा दहावीच्या सत्काराचा फोटो बसतो.