उतारा साडेअकरा

राज्य सरकारात कुणीतरी यमक जुळवणारा बसलेला आहे, आणि त्याला काम भरपूर आहे. 2022च्या नवरात्रात बायकांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आलं. पुढच्याच वर्षी पोरांसाठी ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ आणि बाप्यांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’. 2024 साली म्हाताऱ्यांसाठी ‘मुख्यमंत्री वयोश्री’. पाळण्यापासून काठीपर्यंत प्रत्येक वयाला एक फलक. अडचण एवढीच, की बारामती-इंदापुरात माणूस वयाने चालत नाही, गळीत हंगामाने चालतो.

आता साखरेचंच घ्या. वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे चहाचे सहा चमचे. कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर हा कोटा सकाळी दहाच्या आत संपतो. बिनसाखरेचा मागितला तर शेजारचा मांडी ठोकून बसतो आणि हळूच विचारतो, “कधीपासनं?” पाच माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला पावणेचार किलो साखर पुरे. इकडे दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे पाच सहकारी कारखाने. सहकारात सभासदाला सवलतीची साखर हा मानाचा भाग, आणि दिवाळीची मागायची ती वेगळी. ‘दिवाळीची साखर वाढवा’ म्हणून वार्षिक सभेत माईकची ओढाओढ होते. ‘डॉक्टरनं सांगितलंय, माझी कमी करा’ म्हणून उठणारा सभासद अजून जन्माला यायचाय.

आमच्या माणसाला आकडे कळत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. कुठल्या कारखान्याचा साखर उतारा किती, ते त्याला दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ असतं. ऊसदराच्या एफआरपीचा पायाभूत उतारा 10.25 वर नेऊन शेतकऱ्याला कसं मारलं, यावर तो अर्धा तास बोलेल. साडेअकरा उतारा पडला की पेढे. त्याच्या स्वतःच्या रक्ताची एचबीएवनसी साडेअकरा आली की म्हणतो, “मशीन बिघडलं असंल.” साडेसहाला पोचली की मधुमेह धरतात, एवढं सांगून पाहा. तो विचारतो, “बाकीच्यांचा किती पडला?”

तरुणांना व्यायामाचा सल्ला द्यावाच लागत नाही. पहाटे कुठल्याही सडकेला जा, पोरंपोरी पळताना दिसतील. निरोगी आयुष्यासाठी नव्हे, पोलीस भरतीसाठी. पोरांना 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळ्याला 15. ही पोरं भिजवलेले हरभरे खातात, तंबाखू लांब ठेवतात, नऊला झोपतात. कुठल्याही डॉक्टरची दृष्ट लागावी अशी राहतात. खुल्या गटाला 28, मागासवर्गीयांना 33. ही वयोमर्यादा ओलांडली की दुसऱ्या दिवसापासून आरोग्य बंद. ज्याची निवड होते त्याचंही पुढे पोट सुटतंच, फक्त ते खाकीत सुटतं.

दिवसाला आठ पेले पाणी प्या, हा सल्ला सगळ्या वयांना लागू. कुठलं पाणी, ते पत्रकात नसतं. इंदापूरच्या उशाला 117 टीएमसीची उजनी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड नद्यांत जे सोडतात ते भीमेतून इथं मुक्कामाला येतं. 2021 साली उजनीतलं पाच टीएमसी इंदापूरला द्यायचा आदेश निघाला, तो पुण्याहून येणारं सांडपाणी म्हणून. सोलापूरकर पेटले आणि तो रद्द करायला लावला. सांडपाण्यावरून दोन जिल्हे हमरीतुमरीवर आले, हे आठ पेलेवाल्यांना कुणीतरी कळवायला हवं. भिगवणच्या फ्लेमिंगोंना ते पाणी मानवतं म्हणे. पुणेकर त्यांना बघायला रविवारी येतात आणि आठवडाभर आपणच खाली सोडलेलं चिलापीच्या रश्श्यातून वाटीवाटीने परत नेतात. हिशेब चुकता.

आठवड्याला निदान 150 मिनिटं अंग हलवा, असंही सांगतात. बारामतीत त्यासाठी कालव्याकाठी झकास सोय आहे. चालायला येणारे तिथवर चारचाकीने येतात. कालव्याच्याच पाण्यावर वाढलेल्या फडात बीडकडून आलेली बाई पहाटे चारला कोयता उचलते आणि आठवड्याची 150 मिनिटं सोमवारी सूर्य उगवायच्या आत संपवते. उरलेला आठवडा ती ऊस तोडते, पाचट सोलते, वाढं बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या लावलेल्या फळीवरून ट्रॉलीत चढते. फळी पायाखाली वाकते, मोळीतल्या टिपऱ्या मानेवर घासतात, खालून मुकादम “हात चालवा” म्हणतो. टोळीच्या हिशेबात ती अख्खी माणूसही नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ती अर्धी.

या अर्ध्या कोयत्याला ‘पाळीच्या दिवसांत विश्रांती घ्या’ हे पत्रक दिलं तर ती त्यात भाकर बांधेल. एक दिवस बसली की खाडा, खाडा पडला की उचलीतून कापले. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, मग अंगावर काढायचं. गावाकडचा एखादा डॉक्टर सांगतो, पिशवीच काढून टाका, कटकट गेली. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचा आकडा आला. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. साधारण सहातली एक. रजोनिवृत्ती 45 ते 55च्या दरम्यान येते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. इथं ती मुकादमाच्या वहीत येते.

बरं, यमकवाल्याने शिबिराला मुहूर्त निवडला तो नवरात्राचा. दसरा झाला की टोळ्या ट्रकात बसतात. तपासणीचा कागद येईल गावच्या उपकेंद्रात आणि बाई असेल इंदापूरच्या फडात. तिचं लेकरू बांधावरच्या झोळीत. त्याला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा, पण कार्ड गावी पेटीत. सुदृढ बालक मोजायचं तर कुठल्या तालुक्यात मोजायचं? गाळप किती टन झालं ते रोज संध्याकाळी फलकावर लागतं. टनांची हजेरी चुकत नाही.

राहिली म्हातारी मंडळी. वयोश्रीत 65च्या पुढच्यांना एकदाच तीन हजार रुपये मिळतात. त्यातून चष्मा, काठी, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा असलं काही घ्यायचं. योजना वाईट नाही. कुणाच्या तरी कानाला त्यामुळे सून काय बोलते ते ऐकू यायला लागलं असेल, तो दुष्परिणाम सोडून द्या. गुडघ्याचा पट्टा मात्र बऱ्याच घरांत खुंटीला असतो. पट्टा बांधून उकिडवं बसता येत नाही, आणि उकिडवं बसल्याशिवाय गाईची धार निघत नाही, शेतातलं खुरपणही होत नाही. गुडघे जपायचे तर आधी गाय विकावी लागते.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीच्या धोतरांच्या पायघड्यांवरून पुढे बेलवाडीच्या रिंगणाला येते, तेव्हा वाटेत आरोग्याचे तंबू पडतात. तिथल्या पोरांचं कौतुकच करायला हवं. गोळ्या देतात, पाय चेपून देतात. अशाच एका तंबूत पोटऱ्यांना मलम चोळून घेत एक आजी बसलेल्या. देहूपासून चालत आलेल्या, डोक्यावरची तुळस शेजारी ठेवलेली. पोराने वय विचारलं. “बहात्तर का पंच्याहत्तर, लिव काय बी.” त्याने तक्त्यातला साठीपुढचा रकाना शोधला आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, “आजी, रोज निदान अर्धा तास चालत जा.”

आजींनी विचारलं, “कुठवर?”