धाब्यावर उभं राहता येतं

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी कागदी इमारतींचे आराखडे मिळतात: छापा, कापा, दुमडा, चिकटवा. त्यात युरोपीय खेडी अमाप, बर्फ घसरून पडावा म्हणून उतरत्या छपरांची. जळगावच्या मे महिन्यात कोणी ती छापली, तर बर्फाची सोय तेवढी चोख होते. पण 28 मिलिमीटरचा शिपाई त्या छपरावर उभा राहत नाही. खानदेशी धाब्याचं घर जणू याच खेळासाठी बांधलेलं: चार भिंती, एक दार, वर सपाट माथा. 1:60 प्रमाणात बारा बाय दहा फुटांच्या खोलीच्या चारही भिंती मिळून सुमारे साडेबावीस सेंटिमीटर भरतात, ए-फोरच्या 29.7 सेंटिमीटर लांबीत डिंकाच्या पट्टीसकट मावतात, धाब्यालाही जागा उरते.

मातीच्या भिंती नीरस दिसतील, असा आक्षेप येईल. येऊ द्या, रंगीत शाईचे भाव पाहता नीरसपणा हा सद्गुणच आहे. इथे लढाया कुठे झाल्या, हा दुसरा आक्षेप इतिहासाच्या पुस्तकाला न शिवलेल्यांचा. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने धुळे जिल्ह्यातला थाळनेरचा किल्ला घेतला. दरवाज्यामागे दरवाजा, आत गेलेले इंग्रज अधिकारी मारले गेले, मग शिबंदीची कत्तल आणि किल्लेदाराला फाशी. खेळाला आणखी काय हवं? तापीकाठचा तो किल्ला आज बहुतेक ढासळलेला आहे. कागदावर त्याची डागडुजी करायला निविदा काढावी लागत नाही.