सायीचं भांडं

मराठी घरातल्या फ्रीजमध्ये एक भांडं असं असतं, की त्याला हात लावायचा अधिकार एकाच माणसाला असतो. बाकीचे फ्रीज उघडतात, कालची आमटी काढतात, पाण्याची बाटली रिकामी करून तशीच परत ठेवतात. पण वरच्या कप्प्यात ताटलीखाली मुकाट बसलेल्या सायीच्या भांड्याला सगळ्यांचे हात वळसा घालून जातात. रोज सकाळी त्यात दुधावरची साय येऊन पडते, कालच्या सायीवर, परवाच्या सायीवर. एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाने उभा छेद घेऊन पाहावी अशी ती रचना असते. तळाशी विरजण लावलेला जुना थर, त्यावर संकष्टीच्या दिवशीचा जाड थर, मधेच एक अगदी विरळ, कारण त्या दिवशी पाहुणे आले आणि सगळं दूध चहात गेलं. घरात काय काय घडून गेलं ते त्या भांड्यात साचलेलं असतं, आणि आठवडा-पंधरवडा उलटला की एके सकाळी ते सगळं घुसळून टाकलं जातं.

घुसळण्याच्या त्या सकाळी आई जरा वेगळीच वागते. स्वयंपाकघरात कोणी मधे मधे केलेलं तिला चालत नाही. मे महिना असेल तर भांड्यात बर्फाचे खडे पडतात, पौषातली थंडी असेल तर कोमट पाणी. लोण्याला नेमकी ऊब लागते. ती चुकली की रवी कितीही फिरवा, साय नुसती फेसाळत राहते आणि लोणी काही जमत नाही. जमणार असलं की रवीचा आवाज बदलतो, हाताला जडपणा जाणवतो, आणि इतका वेळ कुठेच नसलेलं लोणी एकाएकी सगळीकडे दिसू लागतं. मग ते गार पाण्यात दोन-तीनदा धुवायचं, गोळा करायचा, आणि कढवायला जाड बुडाच्या पातेल्यात टाकायचं. आई तूप कढवते ते कानांनी. लोण्यातलं पाणी उकळून जात असतं तोवर तडतड चालू असते. पाणी संपलं की पातेलं शांत होतं, आणि तिथून पुढे तूप करपायला फार उशीर लागत नाही. त्या शांततेत ती गॅस बंद करून एक विड्याचं पान सोडते. कशाला, असं विचारलं तर म्हणते, वास येतो म्हणून. कुठला वास, ते आजवर मला नीट कळलेलं नाही, पण पानाशिवायचं तूप आमच्याकडे अर्धवट समजलं जातं.

इथे खरं तर काम संपायला हवं. पण काटकसरीला शेवट नसतो. पातेल्याच्या कडांना लागलेलं तूप घासणीने जाऊ द्यायचं म्हणजे पाप, म्हणून त्याच पातेल्यात त्या दिवशीची कणीक मळली जाते. ताकाची कढी होते. तळाशी बसलेल्या तपकिरी बेरीवर साखर भुरभुरून ती वाटीत काढली जाते. दुधाच्या पिशवीचंही तेच. ती रिकामी झाली असं आपल्याला वाटतं; आई तीत घोटभर पाणी घालते, हलवते, आणि ते पांढुरकं पाणी चहाच्या आधणात जातं. मग पिशवी धुऊन, उलटी करून, खिडकीच्या गजाला वाळत पडते. कात्री लावतानाही कोपऱ्याचा तुकडा सुटू द्यायचा नाही, लोंबता ठेवायचा, हा आमच्या घरचा दंडक. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळ्या शहरात धावपळ उडाली, पण आई शांत होती. सरकार आपल्या मताला आलं, एवढंच तिचं म्हणणं.

हे सगळं करून आई जे वाक्य म्हणते ते तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आजीचं : "तूप म्हणून काही वेगळं आणावं लागत नाही. दुधातच निघतं." फुकट हा शब्द तिने उच्चारलेला नसतो, पण तो वाक्यात कुठे तरी पाट मांडून बसलेला असतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या काकांना असली वाक्यं सहन होत नाहीत. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. फुल क्रीम दुधात स्निग्धांश 6 टक्के, टोन्ड दुधात 3. म्हणजे लिटरमागे फरक 30 ग्रॅमचा. तुम्ही टोन्डऐवजी फुल क्रीमची पिशवी घेता आणि लिटरमागे काही रुपये जास्त मोजता, ते या 30 ग्रॅमचेच. त्यातलाही सगळा सायीवर येत नाही, थोडा दुधातच राहतो. पुढे लोण्यातही पंचमांश जवळजवळ पाणीच, ते कढवताना उडून जातं; त्याला गॅस जळतो तो निराळाच. "तेव्हा वहिनी," काका पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, "तूप तुम्ही विकतच आणता. फक्त हप्त्याने आणता. आणि साय काढून उरतं ते दूध आम्हाला पाजता. महागाचं दूध आणायचं आणि घरी त्याचं स्वस्तातलं करायचं, याला बचत म्हणतात?"

आईने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि मघाशी दोन वाट्या कढी ओरपलीत, ती कुठल्या रकान्यात धरलीत?" एवढंच विचारून ती ताटं उचलायला लागली.

काकांचा हिशेब तसा खोटा नव्हता. त्यातली खरी गंमत मात्र त्यांच्याही ध्यानात आली नसावी. टोन्ड दूध ही मुळात आपल्या मुंबईचीच कल्पना. दारा खुरोडी या दुग्धव्यवसायातल्या जाणकाराने ती काढली आणि हे नावही त्यांनीच दिलं, असं मानतात. ज्यांच्या कारकिर्दीत गोरेगावची आरे वसाहत उभी राहिली आणि ज्यांना पुढे 1963 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेच हे खुरोडी. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची, स्निग्धांश खाली आणायचा, आणि तेवढ्याच दुधात अधिक घरांना, कमी पैशात, पोसायचं. सगळ्या शहराचं भागवण्यासाठी केलेला हा हिशेब होता. माझ्या आजीला तो मुळीच पटला नव्हता. काचेच्या बाटलीला वर चांदीसारखं पातळ झाकण लावून येणारं ते सरकारी दूध तिच्या लेखी दूधच नव्हतं. "आधीच साय काढून विकतात मेले," असं म्हणून ती घरी येणाऱ्या भय्याकडून म्हशीचं दूध घेई, त्याच्याशी मापावरून हुज्जत घाली, वरची धार मागून घेई. आणि मग ते दूध तापवून, निववून, साय काढून, उरलेल्यात चहापुरतं पाणी वाढवून सगळ्या कुटुंबाला पाजी. खुरोडींनी मोठाल्या यंत्रांनी जे केलं, तेच आजी एका झाऱ्याने वर्षानुवर्षं करत होती. फरक एवढाच, की सरकार पिशवीवर आणि बाटलीवर तसं लिहीत असे, आणि आजी म्हणत असे, "सायीचं दूध मुलांना पचायला जड."

तिच्या या कारभारातली दुसरी खुबी मला फार उशिरा कळली. दुधाचे पैसे आजोबा देत. भय्याच्या रेघा भिंतीवर असत. पहिल्या तारखेला आजोबा त्या मोजत, पैसे चुकते करत, आणि वहीत 'दूध' या नावाखाली एक आकडा लिहीत. साखर, रॉकेल, इस्त्री, सगळ्याला त्या वहीत जागा होती. तुपाला नव्हती, कारण तूप कधी आणलंच गेलं नव्हतं. दुधाच्या नावाने बाहेर गेलेला पैसा तुपाच्या रूपाने परत येई, तो थेट आजीच्या फडताळात, आणि तिथून पुढे तो कुठे जातो ते विचारायची सोय कोणालाच नव्हती. सगळ्या घरात तिच्या एकटीच्या मालकीचं असं तेवढंच होतं. माहेरपणाला आलेली आत्या परत निघाली की तिच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला एक डबा जाई. शेजारच्या बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांना तूप कमी पडलं, तर ते आमच्या फडताळातून, मागच्या दाराने जाई. भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या मुलाला खोकला झाला की वाटीभर तूप त्याच्याही वाट्याचं. पंगतीत वाढतानाही भातावरची धार कोणाच्या पानात रेंगाळते आणि कोणाच्या पानावरून घाईने पुढे सरकते, यावरून आदल्या दिवशी घरात काय घडलं असेल ते सांगता येत असे. आजोबांच्या पानावरची धार कधी कधी फारच बारीक असे.

"या खेपेला तूप लवकर संपलं," असं आजोबा मधूनच म्हणत. त्यांना संशय असावा. बहुधा माहीतही असावं. आजी मान वर न करता सांगे, "उन्हाळा आहे. साय धरत नाही." उन्हाळ्यात म्हशी दूध कमी देतात, हे खरंच होतं. पण तिचा उन्हाळा काही वर्षी दिवाळीपर्यंत लांबत असे.

स्वतः ती बेरी खाई. तूप सगळ्यांना, बेरी तिला. आम्हा मुलांना तिची फार कणव येई. त्यागमूर्ती वगैरे शब्द तेव्हा नुकतेच शाळेत शिकलो होतो, ते तिच्या बाबतीत वापरून बघत असू. पुढे एकदा ती देवळात गेलेली असताना मी तिची वाटी चाखली. गरम, कुरकुरीत, साखर विरघळत आलेली, जिभेवर तूप आणि खवा यांच्या मधलं काहीतरी. तेव्हापासून तिच्या त्यागाबद्दल माझ्या मनात शंका आहे, आणि तिच्याबद्दलचा आदर मात्र दुपटीने वाढलेला आहे.

आता भांड्याचे दिवस कठीण आले आहेत. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असा शब्द असतो. म्हणजे दुधातले स्निग्धांशाचे कण जबर दाबाखाली बारीक छिद्रांतून काढून इतके चुरडलेले असतात, की ते वर येऊन एकमेकांना भेटूच शकत नाहीत. वर एक पापुद्रा धरतो, फुंकर मारली तर हलेल असा. आई त्या पिशव्या ओळखून टाळते आणि दुकानदाराला विचारते, "हे साय धरणारं आहे ना?" तो हल्ली तिला लांबून येताना पाहिलं, की विचारायच्या आधीच मान हलवतो.

धाकटी बहीण म्युनिकला असते. तिथल्या दुधावर साय धरत नाही, हे कळल्यावर आईला तिची सासरी जाताना वाटली नव्हती एवढी काळजी वाटली. पण बहिणीने वाट काढली. ती दुकानातून बिनमिठाच्या लोण्याच्या वड्या आणते आणि कढवते. पहिल्यांदा केलं तेव्हा इकडे रात्र झालेली होती. तिने फोन पातेल्याजवळ धरला आणि आई इकडे अंथरुणात बसून, डोळे मिटून, परदेशातल्या लोण्याची तडतड ऐकत राहिली. "थांब… थांब… अजून पाणी आहे… हां, आता कर बंद!" तूप कणीदार झालं. बहिणीने उत्साहाने हिशेबही सांगितला : तिकडच्या भारतीय दुकानात मिळणाऱ्या तुपाच्या मानाने हे सरळ निम्म्या किमतीत पडतं, गॅस धरूनसुद्धा.

आमच्या तीन पिढ्यांत तुपाची कागदावर सिद्ध होणारी अशी ही पहिलीच बचत. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी समाधानाने चष्मा पुसला. आईला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. "लोणी विकत आणून तूप काय, कोणीही करील," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारलं, "आणि जावयांना कळतं का गं, किती झालं ते?"