खव्यात दूध कुणाचं?

मु. पो. ईट, ता. भूम, जि. धाराशिव

कोड लिहून देणाऱ्या यंत्रबुद्धीस सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवा तुमच्याकडे दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम मागितला. तुम्ही तो चुटकीसरशी दिलात. पाहतो तर उचल वजा करायच्या ओळीत व्हेरिएबलचं नाव 'तात्यांची_उधारी'! ही उधारी आमच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. हा कोड मीच एका खवाभट्टीसाठी लिहून सगळ्यांना खुला केला होता. त्यातलं तात्यांचं नाव राहिलं, माझं गेलं. अभिनंदन!

फुकटच दिला होता ना, म्हणाल. दिला होता, पण जीपीएल हा परवाना लावून. या परवान्याची दुसरी आवृत्ती 1991ची, लिनक्सचा गाभा आजही तिच्याखालीच मिळतो. आमच्याकडे त्याला शेजारणीचं विरजण म्हणतील. न्या खुशाल, पण त्याचं दही वाटलंत, तर विरजणही द्यायचं. एमआयटी परवाना तर त्याहून भोळा. वापरा, बदला, विका. मूळ लेखकाची हक्कनोंद आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवा. एवढंही ओझं तुम्हाला पेलू नये?

तुमच्या भाऊबंदांतला गिटहबचा कोपायलट 2021 साली आला. नोव्हेंबर 2022मध्ये काही प्रोग्रॅमरांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात त्याच्यावरून दावा लावला. परवाना मोडल्याची तक्रार तिथे टिकली. हक्कनोंद पुसल्याची मात्र न्यायाधीशांनी फेटाळली. का, तर यंत्राने दिलेला कोड मूळ कोडाशी हुबेहूब जुळत नाही!

बरोबरच आहे. खवा तरी दुधाशी कुठे जुळतो? आमचा तालुकाच खव्याचा. चार-पाच लिटर आटवावं तेव्हा किलोभर हाती येतो, आणि त्यात कुणाच्या म्हशीचं किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तरी भट्टीवाला दूध कढईत ओतण्याआधी वही उघडतो. नाव, लिटर, उचल. त्याच वहीवर दुधाचा पगार होतो. शाईचे डाग पडलेली, धुराने काळवंडलेली वही. तिला ना सर्व्हर लागतो, ना वीज. आणि अब्जावधी ओळी गिळणारे तुम्ही म्हणता, कुणाचं किती ते आता सांगता येत नाही. अहो, नोंद ओतण्याआधी करायची असते.

पगार मागत नाही. वही तेवढी घाला.

आपला,
एक दूध घालणारा

ता. क. तात्यांना सगळं सांगितलं. ते विचारतात, वसुलीला आता अमेरिकेचा माणूस येणार का?