रेडिएटर कोमट ठेवण्याची कला : नवशिक्यांसाठी

साहित्य : जर्मनीत स्वतःच्या नावावर असलेलं एक घर. तळघरात गॅसचा बॉयलर किंवा अंगणात हीट पंप. खोलीगणिक एक साधा थर्मामीटर. एक वही. एक अख्खा हिवाळा. आणि घरात सगळ्यांच्या आधी जिला थंडी वाजते अशी एक व्यक्ती. हे शेवटचं साहित्य घरात नसल्यास पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर मागवता येतं.

घर भाड्याचं असेल तर ही कृती तुमच्यासाठी नाही. तळघराची किल्ली हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याकडे असते आणि ती त्याच्याकडेच राहील. दिवसा खोलीत २० ते २२ अंश मिळत नसतील तर घरमालकाला पत्र लिहा; ऑक्टोबर ते एप्रिल एवढी ऊब भाडेकरूला मिळायला हवी, असं तिथली न्यायालयं सहसा धरून चालतात. उत्तर येईपर्यंत स्वेटर काढू नका.

आधी थोडी थिअरी

ही टाळून पुढे जाणारे लोक जानेवारीत परत इथेच येतात, म्हणून आत्ताच वाचा.

घराला किती उष्णता पुरवावी लागेल हे बाहेर किती गार आहे यावर ठरतं. आत २० आणि बाहेर १० अंश असताना भिंती-खिडक्यांतून जेवढी उष्णता निसटते, तिच्या साधारण तिप्पट बाहेर उणे १० असताना निसटते. मग रेडिएटरला रोज एकाच तापमानाचं पाणी पाठवण्यात काय हशील? तांब्याचा बंब पेटवणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी पौषात एक लाकूड जास्त आणि चैत्रात एक कमी हा हिशेब त्यांच्या हातात होता. जर्मनांनी आजीच्या जागी उत्तरेच्या भिंतीवर एक सेन्सर बसवला आणि तिचा हिशेब आलेख काढून बॉयलरच्या डोक्यात भरला. बाहेर अमुक अंश, तर रेडिएटरकडे जाणारं पाणी तमुक अंश. हा झाला हीटिंग कर्व्ह. केंद्रीय हीटिंगला अशी काहीतरी आपोआप कमी-जास्त होण्याची सोय हवीच, असं तिथला कायदाही सांगतो.

या आलेखाला दोन कान असतात, ते धरून तो हलवायचा. पॅनलवर एकाचं नाव दिसेल नाइगुंग, म्हणजे चढ. दुसरं निव्हो, म्हणजे पातळी. नाइगुंग १.४ असेल तर बाहेर १० अंश असताना पाणी साधारण ३८ अंशांनी निघतं, शून्याला ५१ आणि उणे १० ला ६३. तोच चढ १.१ वर आणला की हेच आकडे अंदाजे ३४, ४४ आणि ५४ होतात. कडाक्याच्या दिवशी ९ अंशांचा फरक पडला, सौम्य दिवशी फक्त ४. निव्होचं तसं नाही. तो ३ ने वाढवला की आलेख जसाच्या तसा ३ अंशांनी वर सरकतो, बाहेर काहीही असो. जमिनीखाली नळ्या घातलेल्या घरात चढ ०.३ ते ०.६ एवढाच पुरतो, कारण तिथे अख्खी फरशीच रेडिएटर असते.

आता तुमचं पॅनल उघडून बघा. रेडिएटरचं घर असेल तर आकडा १.४ च्या आसपास किंवा वरच निघेल. घर जुनं आणि गळकं असेल तर तो बरोबरही असेल, पण बहुतेक वेळा तो बसवणाऱ्याच्या शहाणपणाचा असतो. घर गार पडलं तर त्याला शनिवारी रात्री फोन येतो. बिल जास्त आलं म्हणून त्याला कुणीच फोन करत नाही. त्याच्या जागी तुम्हीही १.४ च ठेवला असता.

बिलाचा संबंध असा. आजकालचा गॅस बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णताही परत मिळवतो, पण रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच. पाणी जास्त तापवलंत की महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखा वागू लागतो. हीट पंपाचं गणित याहून उघड आहे : पाणी एक अंशाने कमी तापवलं की वीज साधारण दोन-अडीच टक्के कमी लागते.

कृती

सेन्सर शोधा. घराबाहेर, उत्तर किंवा वायव्येच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन-अडीच मीटरवर एक पांढरी डबी दिसेल. ती पूर्वेला असेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला वसंत आल्याचा भास होतो आणि तुम्ही कामाला निघायच्या वेळी बॉयलर आवरतं घेतो. स्वयंपाकघरातल्या चिमणीचं तोंड तिच्याखाली असेल तर प्रकरण आणखी रंगतं. आत बोंबील तळायला घेतले की डबीला वाटतं बाहेर १५ अंश झाले, आणि मासे पानात पडेपर्यंत बैठकीची खोली गार होऊ लागते. यावर उपाय डबी हलवण्याचा आहे, बोंबील बंद करण्याचा नाही. कुणी तसं सुचवलंच तर ही पुस्तिका त्याच्या हाती द्या.

सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. निदान बैठक आणि जिथे बसणं-उठणं जास्त त्या खोल्यांचे तरी. रेडिएटरच्या गोल बोंडावरचे आकडे वेगाचे नसतात, ते खोलीच्या तापमानाचे असतात : ३ म्हणजे साधारण २०, पुढचा प्रत्येक आकडा ४ अंशांचा. ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, ती फक्त २८ पर्यंत थांबत नाही. पण कर्व्ह लावायचा असेल तर ही बोंडं मधे कडमडता कामा नयेत. पाणी गरजेपेक्षा जास्त तापलंय हे ती निमूटपणे पाणी अडवून तुमच्यापासून लपवतात.

आता चढ ०.१ ने खाली आणा आणि दोन दिवस काहीही करू नका. कृतीतली अवघड जागा हीच. कारखान्यात दिवसभर रोबोटांची मिलीमीटरं जुळवणारे इंजिनिअर संध्याकाळी घरी आल्यावर दर तासाला तळघरात उतरतात आणि कर्व्हवर हात चालवतात. घर म्हणजे टनावारी विटा आणि काँक्रीट. त्याला बातमी पोचायला वेळ लागतो, आणि फरशीखाली नळ्या असतील तर आणखीच. पॅनल बंद करा. वर जा.

दोन दिवसांनी कुणी तक्रार केली नाही तर आणखी ०.१. असं करत करत तक्रार येईपर्यंत खाली जायचं. तक्रार हेच या कृतीतलं मोजमापाचं साधन, आणि साहित्यातली ती शेवटची व्यक्ती इथे उपयोगी पडते.

नमुना संवाद

सासूबाई : अगं, हे बंद पडलंय वाटतं. हात लावून बघ जरा.

सून : आई, खोलीत २१ अंश आहेत.

सासूबाई : असतील. आकड्यांनी का कुणाची थंडी जाते?

इथे वाद घालू नये. सासूबाईंच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी. पहिली हाताची. हाताची कातडी बत्तीस-तेहतीस अंशांच्या आसपास असते. रेडिएटरमध्ये वरून ३८ चं पाणी शिरून खालून ३० ने निघत असेल तर त्याचा वरचा भाग हाताला जेमतेम कोमट आणि खालचा चक्क गार लागणार. खोली मात्र २१ वर टिकून आहे. तेव्हा रेडिएटर हाताला सपक लागतोय, म्हणजे तुम्हाला कर्व्ह जमू लागलाय. हात भाजत असेल आणि बाहेर ८ अंश असतील, तर काळजी करायची.

दुसरी तक्रार खरी आहे. शरीराला ऊब नुसत्या हवेतून मिळत नाही, भोवतालच्या भिंती नि काचांतूनही मिळते किंवा निघून जाते. हवा २१ अंश असली तरी शेजारची जुनी काच १२ ची असेल तर त्या बाजूच्या खांद्याला थंडी वाजणारच. सासूबाईंची खुर्ची बघा. पुणेकराला उजेड हवा असतो, म्हणून ती खिडकीला लागून ठेवली असणार. खुर्ची दीड मीटर आत घ्या आणि संध्याकाळ झाली की पडदे ओढा. या पुस्तिकेतला हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि याला पॅनल उघडावं लागत नाही. पडदा मात्र रेडिएटरवर लोंबू देऊ नका.

एवढं करूनही तक्रार राहिली तर वही काढा. कोण म्हणालं, केव्हा म्हणालं, बाहेर किती होतं. ऑक्टोबरात, बाहेर १० अंश असतानाच घर गार लागत असेल आणि जानेवारीत सगळं ठीक, तर निव्हो थोडा वर आणि नाइगुंग थोडा खाली. उलट, सौम्य दिवसांत मजेत आणि उणे ८ ला सगळे गोधडीत, तर नाइगुंग वाढवा. बारा महिने तेरा काळ थंडीच वाजत असेल तर निव्हो वाढवा. दोघं एकदम वाढवू नका, नाहीतर कशाने काय झालं हे वहीलाही कळणार नाही. आणि एकच खोली गार राहत असेल तर कर्व्हचा काही दोष नाही. तिथला रेडिएटर सोफ्यामागे दडलाय का, त्यात हवा अडकलीय का, ते बघा. तसं नसेल तर जवळच्या रेडिएटरांनी सगळं पाणी पळवलंय आणि लांबचा कोरडा राहिलाय. ते वाटप समान करायला माणूस बोलवावा लागतो. एका खोलीसाठी अख्ख्या घराचं पाणी तापवू नये.

खिडकी तिरकी उघडून ठेवण्याची नवशिक्यांना फार हौस असते. तिने हवा कमी बदलते आणि भिंत जास्त गार पडते. पाच मिनिटं सताड उघडा आणि बंद करा. शेजारची जर्मन बाईही हेच सांगेल, तुम्ही विचारलं नसलं तरी.

नळाच्या गरम पाण्याला यातलं काहीच लागू नाही. साठवणीच्या टाकीचं तापमान वेगळं असतं, ते ६० वर असेल तर तिथेच ठेवा. कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि त्यांना काटकसरीचं कौतुक नसतं.

वसंत

बाहेरचं तापमान एका मर्यादेच्या वर गेलं की यंत्र हीटिंग बंदच करतं. जुन्या घरांत ही मर्यादा बहुधा १५ अंशांच्या आसपास असते. एप्रिलअखेर एक आठवडा ऊन पडतं, रेडिएटर गार होतात आणि तुम्ही स्वेटर माळ्यावर टाकता. मग ११ ते १५ मे या दिवसांत ममेर्टुस, पांक्राट्स, सेर्व्हाट्स, बोनिफाट्स आणि शेवटी झोफी असे पाच थंड संत एकामागोमाग येतात, आणि झोफी होऊन गेल्याशिवाय शहाणा जर्मन टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाही. तुमचा सेन्सर संत मानत नाही. बरेच कंट्रोलर काही तासांची किंवा दिवसभराची सरासरी धरून चालतात, तेव्हा पहिल्या थंड रात्री तो थोडा उशिरा जागा होईल. मर्यादा १५ वरून २० वर नेऊ नका. सासूबाईंचा व्हिसा तोवर संपलेला असतो. स्वेटर खाली काढा.

शेवटी, उन्हाळ्यात वार्षिक सर्व्हिसिंगला माणूस येतो त्याआधी नाइगुंग आणि निव्हो, दोन्ही आकडे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि पॅनलवर चिठ्ठी डकवा. तो माणूस चांगला असतो, कॉफी घेतो, बर्नर साफ करतो आणि जाताना न सांगता आकडा १.४ वर ठेवून जातो. तो गेला की तळघरात उतरून बघा. चिठ्ठी बहुतेक जागेवरच असेल.